डोंगरी बुजुर्गच्या वाघिणी

इंग्रजी 'वॅगन' मराठीत आला आणि त्याची 'वाघीण' झाली. 'कोळशाच्या वाघिणी रुळावरून घसरल्या' असं वर्तमानपत्रांत आजही छापून येतं. भंडारा जिल्ह्यात हा शब्द वर्गात शिकवायचा म्हणजे हशा ठरलेला. कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलात खऱ्या वाघिणी फिरतात आणि मी फळ्यावर लिहितो की एका वाघिणीत वीस-बावीस टन माल मावत असे. मुलांचं हसून झालं की मी तीन प्रश्न विचारतो. माल कुठला? भरला कुणी? गेला कुठे? तिथे वर्ग गप्प होतो. खरं सांगायचं तर मोठी माणसंही गप्प होतात. आपल्या जिल्ह्याचा निम्मा औद्योगिक इतिहास या तीन प्रश्नांत आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

रेल्वेचा इतिहास आपल्याकडे प्रवाशांच्या बाजूने सांगतात. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, तोफांची सलामी, डब्यांत बसलेले पाहुणे. पाठ्यपुस्तकात एवढंच असतं. पण ज्यांनी भांडवल घालून रूळ टाकले त्यांचं लक्ष प्रवाशांपेक्षा मालावर जास्त होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी. नागपूरच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या बाजूला, गाडी आली ती १८८०च्या सुमारास. ती आधी मीटर गेज होती. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे असं तिचं नाव. भंडारा, तुमसर, गोंदिया असं करत ती १८८२ पर्यंत राजनांदगावला गेली. छत्तीसगढचा तांदूळ, गहू आणि जवस बाहेर काढणं हा तिचा उद्योग. नागपूरला मात्र मुंबईची गाडी ब्रॉड गेज आणि ही मीटर गेज, त्यामुळे प्रत्येक पोतं एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावं लागे. पुढे १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेतला, तो ब्रॉड गेज केला आणि १८९१ पर्यंत आसनसोलला, म्हणजे कोळशाच्या मुलखाला, नेऊन जोडला. मुंबई आणि कलकत्ता या दोन बंदरांच्या मधोमध आपला धानाचा जिल्हा अचानक येऊन बसला.

भंडारा शहराला यातून फार काही मिळालं नाही. स्टेशन वरठीला झालं, शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. त्याचं नाव 'भंडारा रोड'. तुमसरचंही तसंच, मुख्य मार्गावरचं स्टेशन 'तुमसर रोड'. नावात 'रोड' असलेलं स्टेशन म्हणजे गाव दूर आहे, पुढे रस्त्याने जा, अशी ती सूचना. रूळ टाकणाऱ्यांच्या नकाशात भंडारा हे वाटेतलं ठिकाण होतं.

वाटेतलं हे ठिकाण महत्त्वाचं झालं ते एका काळ्या, जड दगडामुळे.

मध्य प्रांतात मँगनीज काढायला सुरुवात झाली ती १८९९-१९०० च्या सुमारास, नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या आसपास. लवकरच बालाघाट आणि भंडाऱ्याची पाळी आली. तुमसर तालुक्याच्या उत्तर भागातली चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही नावं लंडनच्या कंपन्यांच्या कागदांवर चढली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही १८९६ मध्ये निघालेली कंपनी यात सर्वांत मोठी. पुढे तीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली.

मँगनीज कशाला लागतं, हे नीट समजून घ्यायला हवं. वितळलेल्या लोखंडात गंधक आणि प्राणवायू राहिला तर पोलाद ठिसूळ होतं, तापवून ठोकताना भेगा पडतात. मँगनीज हे दोन्ही दोष काढतं. टनाला काही किलोच लागतं, पण त्याच्याशिवाय चांगलं पोलाद होत नाही. प्रमाण बरंच वाढवलं तर वेगळंच पोलाद तयार होतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये बारा-चौदा टक्के मँगनीज घालून असं पोलाद केलं, की ते जितका मार खाईल तितकं वरून कठीण होत जातं. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या क्रॉसिंगला हेच पोलाद वापरतात, कारण तिथे प्रत्येक चाकाचा दणका बसतो. आजही भारतीय रेल्वे तिथे मँगनीज पोलादाचीच ओतीव क्रॉसिंग बसवते. ज्या सांध्यांवरून आपलं खनिज खडखडत गेलं, त्या सांध्यांनाच ते लागत होतं.

त्या काळी जगात मँगनीजचा सर्वांत मोठा पुरवठा रशियन साम्राज्यातून, जॉर्जियातल्या चिआतुराच्या खाणींतून होई. १९०४-०५ चं रशिया-जपान युद्ध आणि पाठोपाठ १९०५ ची क्रांती यामुळे तिथला माल अडला. युरोपात भाव चढले आणि पोलाद कारखान्यांचे दलाल हिंदुस्थानकडे वळले. १९०७ मध्ये देशाचं उत्पादन नऊ लाख टनांवर गेलं. त्यात मोठा वाटा मध्य प्रांताचा होता. चिआतुराच्या कामगारांनी संप केला म्हणून चिखल्याच्या टेकडीवर माणसांची गर्दी वाढली. त्या गर्दीतल्या कुणाला जॉर्जियाचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आता वाघिणीकडे येऊ.

त्या काळातली वाघीण आजच्यासारखी आठ चाकांची नव्हती. चार चाकं, दोन आस, दोन्ही टोकांना बफर आणि मधे स्क्रूने आवळायची साखळी. धान्य, कापड, साखर असल्या मालाला छपराची बंद वाघीण, तिच्या दाराला शिक्क्याचं सील. कोळसा, दगड, खनिज यांना उघडी वाघीण. सुरुवातीला या वाघिणी विलायतेहून सुट्या भागांत येत आणि इथे जोडल्या जात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वाघिणी बांधण्याचा उद्योग बंगालमध्ये रुजला. हावड्याची बर्न कंपनी आणि बर्नपूरची इंडियन स्टँडर्ड वॅगन कंपनी ही त्यातली मोठी नावं.

मँगनीज भरलेली वाघीण बाहेरून अर्धी रिकामी दिसते. कापूस हलका, त्यामुळे कापसाची वाघीण आधी भरते आणि वजन नंतर होतं. मँगनीजचं उलट. दगड इतका जड की वजनाची मर्यादा गाठली तरी वाघीण जेमतेम अर्धी भरलेली असते. त्यावर आणखी दोन टोपल्या टाकल्या की आस तापायचा आणि स्प्रिंग तुटायची भीती. म्हणून प्रत्येक वाघिणीच्या अंगावर तिचं रिकामं वजन आणि वाहून न्यायची मर्यादा रंगाने लिहिलेली असे. शिवाय मालक रेल्वेची आद्याक्षरं, वाघिणीचा नंबर आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी ती कारखान्यात परत जाण्याची तारीख. आद्याक्षरं पुसून पुन्हा लिहिली जात राहिली. १९४४ मध्ये सरकारने बंगाल नागपूर रेल्वे ताब्यात घेतली. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि २००३ पासून आपला भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे.

एका वाघिणीची अशी सगळी माहिती तिच्या अंगावर असे. भरणाऱ्यांची मात्र कुठेच नाही.

भरणं म्हणजे काय, याचा हिशोब मी एकदा वर्गात मांडला होता. वाघीण वीस टनांची धरा आणि डोक्यावरच्या टोपल्यात वीस किलो. एका वाघिणीला एक हजार टोपली. चाळीस वाघिणींच्या गाडीला चाळीस हजार. प्रत्येक टोपलं खालून उचलायचं, फळीवरून चढायचं, वाघिणीत रिकामं करायचं आणि परत यायचं. त्याआधीची कामं वेगळीच. घनाने दगड फोडायचा, सब्बलने सुटा करायचा, हाताने निवडायचा, मोजण्यासाठी चौकोनी ढिगात रचायचा. उघड्या खाणींत डोक्यावरून वाहून नेण्याचं काम मोठ्या प्रमाणावर बायका करत. रूळ खाणीपर्यंत पोचलेले नव्हते तेव्हा मधला टप्पा बंडीचा होता. बैलांच्या बंड्या खनिज घेऊन स्टेशनच्या धक्क्यावर येत. पुढे तुमसर रोडहून उत्तरेला गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग असा तिरोडीपर्यंत फाटा निघाला आणि बंड्यांचं काम घटलं. टोपल्यांचं तसंच राहिलं.

त्यात घड्याळ रेल्वेचं. वाघीण धक्क्याला लागली की ठरलेल्या तासांत भरून द्यायची. उशीर झाला की दंड, ज्याला धक्क्यावर आजही 'डेमरेज' म्हणतात. दंड लागे मालधन्याला, पण त्याची घाई उतरे टोपलं उचलणाऱ्याच्या पायांत. वाघिणी रात्री लागल्या तर रात्री भरायच्या.

हे खनिज विकलं जाई त्याच्यातल्या मँगनीजच्या टक्क्यांवर. टक्का जितका जास्त तितका भाव जास्त. भाडं मात्र टनावर, मग टक्का कितीही असो. तुमसरहून मुंबई नऊशे किलोमीटरच्या पुढे आणि कलकत्ता हजाराच्या पुढे. एवढं भाडं आणि वर जहाजाचा खर्च सोसून फायदा उरायचा तर उत्तम प्रतीचाच दगड भरावा लागे. हलका दगड खाणीच्या तोंडाशी फेकला जाई. खाणींच्या आजूबाजूला जे ढिगारे उभे राहिले त्यांचं मूळ बऱ्याच अंशी या हिशोबात आहे. काय काढायचं आणि काय टाकून द्यायचं, हे डोंगर ठरवत नव्हता, मालवाहतुकीचा दर ठरवत होता.

गोंदियाचं चित्र थोडं वेगळं होतं. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्यातून अडीच फुटी नॅरो गेज रेल्वे गेली. बालाघाटचं खनिज या छोट्या वाघिणींतून गोंदियाला येई. तिथे पुन्हा तीच कथा, छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरायचं. दोन रुळांच्या रुंदीतला फरक हमालाच्या पाठीने भरून काढायचा. गोंदियाची वाढ विडी, धान आणि तेंदूपत्त्याने झाली हे सगळे सांगतात. दोन गेज तिथे भेटत होते, म्हणून माल तिथे थांबत होता आणि माल थांबला की बाजार बसतो, ही बाजूही लक्षात घ्यायला हवी.

इथे मला एक जुना प्रसंग आठवतो. एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "तुम्ही लोक या जिल्ह्याच्या इतिहासात नेमके कुठे आहात?" प्रश्न टोचून विचारलेला नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की भंडाऱ्याचा इतिहास म्हणजे धान, तलाव, पितळेची भांडी आणि पवनीचे स्तूप. त्यात मुसलमानांची जागा त्यांना दिसत नव्हती. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर मला मालधक्क्यावर सापडतं.

धक्क्यावरचे शब्द ऐका. माल, हमाल, मुकादम, खलाशी, वजन, तारीख, रक्कम, हजेरी यांचं मूळ अरबी. मजूर आणि रवाना फारसी. जमादार हा अरबी आणि फारसीचा जोड. पगार आणि कंत्राट पोर्तुगीज. डेमरेज आणि वाघीण इंग्रजी. टोपलं, बंडी, धक्का आपल्याच मातीतले. हे सगळे शब्द एकाच ओळीत बसतात, कुणी एकमेकांना 'तू कुठला' म्हणून विचारत नाही. "मुकादमाने हजेरी घेतली, हमालांनी टोपल्यांनी वाघीण भरली आणि माल रवाना झाला." या वाक्यातून परके शब्द काढून दाखवा. वाक्यही उरणार नाही आणि कामही होणार नाही.

डोंगरी बुजुर्ग हे नावच घ्या. 'डोंगरी' मराठी. 'बुजुर्ग' फारसी, अर्थ थोरला. एकाच नावाची दोन गावं असली की महसुली दप्तरात मोठ्याला बुजुर्ग आणि धाकट्याला खुर्द लावत. पश्चिम महाराष्ट्रात त्याच बुजुर्गचं 'बुद्रुक' झालं. पुणे, सातारा, नगरकडे शेकडो गावांच्या नावापुढे 'बु.' आणि 'खु.' लागतं, पण ही अक्षरं कुठून आली ते फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे मूळ शब्द जसाच्या तसा राहिला आणि रेल्वेने तो स्टेशनच्या पाटीवर लिहिला.

त्या पाटीमागच्या डोंगरात आणखी एक नाव आहे. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. मध्य प्रांतातल्या या खनिजाशी निगडित खडकाला त्यांनी 'गोंडाइट' नाव दिलं, इथल्या गोंड लोकांवरून. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आहे. खडकाला गोंडांचं नाव, गावाला फारसी विशेषण, वाघिणीवर इंग्रजी अक्षरं.

इथे सांभाळूनही बोलायला हवं. 'हमाल' शब्द अरबी आहे म्हणून प्रत्येक हमाल मुसलमान होता असा अर्थ होत नाही. टोपली उचलणाऱ्यांत गोंड होते, दलित होते, छत्तीसगढहून आलेले होते, मुसलमानही होते. मला या इतिहासावर आपल्या जमातीचा मालकी हक्क सांगायचा नाही. सांगायचं ते उलट आहे. हा इतिहास कुणा एकाचा नाही आणि त्यातून कुणालाही वजा करता येत नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तेव्हा दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. अमात्य आणि सचिव ही पदं रूढही झाली. नंतर विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. पण 'हमाल' आणि 'मुकादम' कुणाला हलवता आले नाहीत. दरबारातली पदं हुकमाने बदलता येतात. कष्टाची भाषा रोज तोंडात असते, तिला बदलायला कुणाला सवड नसते.

मालाची पुढची गोष्ट अशी. मध्य प्रांताच्या खनिजाला मुंबई आणि कलकत्ता दोन्ही लांब पडत, म्हणून बंगाल नागपूर रेल्वेने रायपूरहून विजयनगरमकडे पूर्वघाटातून नवा मार्ग टाकला. तो १९३१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या टोकाला विशाखापट्टणमचं बंदर बांधलं गेलं आणि १९३३ मध्ये सुरू झालं. आज नौदलामुळे प्रसिद्ध असलेलं हे बंदर सुरुवातीला मुख्यतः आपल्या भागातल्या मँगनीजसाठी उभारलेलं होतं. पण वेळ चुकली. जागतिक मंदीत पोलादाची मागणी कोसळली. १९२७ मध्ये देशात अकरा लाख टनांहून जास्त मँगनीज निघालं होतं, १९३२ मध्ये ते सुमारे दोन लाखांवर आलं. खाणी बंद पडल्या. नवा मार्ग तयार, नवं बंदर तयार आणि वाघिणी रिकाम्या. मजुरीच्या भरवशावर आलेल्या कुटुंबांचं त्या वर्षांत काय झालं असेल, याचा अंदाज करायला इतिहासकार असावं लागत नाही. लंडनमध्ये भाव पडला की सीतासावंगीत चूल थंड पडत होती.

पैसा झाला नाही असं नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या व्यवसायातले मोठे खाणमालक. १९३० मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी सुमारे पस्तीस लाख रुपये नागपूर विद्यापीठासाठी ठेवले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. हे मोठं काम आहे, आदराने सांगावं असं. रसायन तंत्रज्ञानाचे कितीतरी अभियंते तिथून निघाले, त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही असतील. पण दिशा पाहा. दगड गेला मुंबईला आणि विशाखापट्टणमला, नफा गेला लंडनला आणि कामठीला, शिक्षण उभं राहिलं नागपूरला. खाणीच्या गावात राहिले ते ढिगारे आणि धूळ.

धुळीचं वेगळं सांगायला हवं. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की मेंदूवर परिणाम होतो. चाल बदलते, हात थरथरतात, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. आपल्या खाण कायद्याखाली मँगनीजची विषबाधा हा नोंद करणं बंधनकारक असलेला रोग आहे. कायद्याने नोंद घ्यावी इतपत तो खरा आहे. किती माणसांना तो झाला आणि 'वारं लागलं' म्हणून घरी पडून राहिला, हे कोणत्या वाघिणीच्या अंगावर लिहिणार?

स्वातंत्र्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, स्थापन झाली. त्यात सुरुवातीला केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याबरोबर जुन्या ब्रिटिश कंपनीचाही हिस्सा होता. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. याच मार्गावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिल्याने आपलं खनिज देशातच लागू लागलं. डोंगरी बुजुर्गचं काही खनिज कोरड्या बॅटरीच्या कामाचं असतं. पूर्वी गावोगावच्या टॉर्चमध्ये आणि ट्रान्झिस्टरमध्ये जे सेल असत, त्यांच्या काळ्या भुकटीत मँगनीजच असे. खेड्यातल्या माणसाला त्याचं मँगनीज या रूपात परत मिळालं म्हणायला हरकत नाही, पैसे मोजून.

वाघीणही बदलली. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून आठ चाकांच्या मोठ्या उघड्या वाघिणी येऊ लागल्या. १९८०च्या दशकात एअर ब्रेकवाली बॉक्सएन आली, जी एकटी ५८ टनांच्या आसपास माल नेते. जुन्या चारचाकी हळूहळू मोडीत निघाल्या. त्याच सुमारास रेल्वेने सुटी वाघीण घेणं कमी करत आणलं. आता माल द्यायचा तर पूर्ण गाडीचा, ज्याला रेक म्हणतात. रेल्वेच्या दृष्टीने हे शहाणपणाचं होतं, कारण वाटेतल्या प्रत्येक यार्डात वाघीण तोडा-जोडायचा वेळ वाचला. पण पूर्वी तुमसरचा धानाचा व्यापारी एक वाघीण भरू शकत होता, विडीचा कारखानदार एक वाघीण मागू शकत होता. पन्नास-साठ वाघिणी एकदम भरणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांचा माल ट्रककडे गेला. लहान स्टेशनांवरचे मालधक्के ओस पडले आणि तिथला हमाल ट्रकच्या अड्ड्यावर गेला किंवा नागपूरला. रेल्वे राहिली ती खाण, कोळसा, सिमेंट आणि पोलाद यांची.

आज तुमसर रोडला किंवा गोबरवाहीला उभं राहिलात तर काळ्या मालाने भरलेल्या लांबलचक गाड्या दिसतील, वरून अर्ध्या रिकाम्या वाटणाऱ्या. भरायला आता यंत्रं आहेत. हजार टोपल्यांचा हिशोब संपला आणि तो संपला हे चांगलंच झालं. कुणाच्या डोक्यावर पुन्हा टोपलं यावं असं मला वाटत नाही. मात्र ती टोपली वाहिलेल्यांपैकी जे थोडे हयात आहेत ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. किती टोपल्यांना किती पैसे मिळत, रात्रीच्या भरतीला काय खात, मुकादम कसा होता, बाळाला कुठे निजवत, हे त्यांनाच माहीत आहे. टनांचे आकडे सरकारी अहवालांत सुरक्षित आहेत, ते कुठे जाणार नाहीत. ही माणसं मात्र जातील.

तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात असं कुणी असेल, मग ते कोणत्याही जातीधर्माचं असो, तर मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत. माझ्या शाळेतल्या नववीच्या मुलांना मी या सुट्टीत हेच काम दिलं आहे. पहिली वही आली आहे. त्यात एका मुलीने आपल्या आजीचं वाक्य लिहून आणलंय, की मँगनीजचं टोपलं उतरवलं तरी मान रात्रभर वर होत नसे. मी त्यावर लाल शाईने काहीच लिहिलं नाही, फक्त तारीख घातली.